कॉम्प्युटरताई, दार उघड!

चिऊताईची गोष्ट आठवतेय ना? बाहेर धो धो पाऊस, कावळेदादा दारात भिजतोय आणि आतून चिऊताईची एकच टेप. थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. आपल्या कॉम्प्युटरचंही हल्ली सेम टू सेम असंच झालंय. बटण दाबलं की आधी कंपनीचा लोगो, मग गोल गोल फिरणारे ठिपके, मग कुठल्यातरी परदेशी डोंगराचा झकास फोटो आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटी प्रश्न : पासवर्ड? अरे बाबा, घर माझं, टेबल माझं, मशीन माझं, ईएमआयसुद्धा मीच भरतेय. आणि तू मलाच विचारतोस, आपण कोण?

मग डोक्यात किडा वळवळतो. हा पासवर्ड काढूनच टाकला तर? बटण दाबलं, चहा गाळून आणला, की समोर थेट डेस्कटॉप हजर. नो झंझट! याला म्हणतात ऑटोमॅटिक लॉगिन. करायला पाच मिनिटं लागतात. करावं की नाही हे ठरवायला मात्र थोडी जास्त लागतात. म्हणून आजचा कॉलम दोन्हींसाठी.

हे खूळ आलं कुठून?

पासवर्डवर दात खाण्याआधी थोडा इतिहास, फुकटात. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या टीमनं एक कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरायची सोय करून दाखवली. मशीन एक, वापरणारे ढीगभर. मग प्रत्येकाच्या फायली वेगळ्या कशा ठेवायच्या? तर प्रत्येकाला एक खासगी शब्द द्यायचा. झाला पासवर्ड! म्हणजे त्याचा जन्म चोरांसाठी नव्हताच, तो होता शेअरिंगसाठी. चाळीतल्या सामायिक नळावर प्रत्येकाची वेगळी बादली असते ना, तसं.

आणि गंमत म्हणजे पहिली पासवर्ड-चोरीही तिथलीच. १९६२ साली अ‍ॅलन शेर नावाच्या पीएचडी करणाऱ्या पठ्ठ्याला आठवड्याला मिळणारा कॉम्प्युटरचा वेळ पुरेना. त्यानं काय करावं? सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच मशीनकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावानं काम उरकलं!

घरातल्या कॉम्प्युटरला मात्र बरीच वर्षं कुलूप असं नव्हतंच. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्डची चौकट यायची खरी, पण एस्केप दाबलं की ती गुपचूप बाजूला व्हायची आणि मशीन उघडायचं. सोसायटीच्या गेटवर पेपर वाचत बसलेल्या वॉचमनसारखी. २००१ साली विंडोज एक्सपी आलं. रबरी बदक, गिटार, बुद्धिबळाचे मोहरे अशी चित्रं असलेला तो निळा स्क्रीन आठवतोय? त्यात एकच अकाउंट असेल आणि पासवर्ड नसेल, तर मशीन काही न विचारता आत न्यायचं. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांचं बालपण ऑटोमॅटिक लॉगिनवरच गेलंय, फक्त त्याला हे नाव आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

चला, करून बघू

आता आजच्या विंडोजवर, म्हणजे विंडोज ११ वर. (विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा सपोर्ट बंद केलाय. पण कृती जवळपास हीच.)

स्टेप एक. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. कोपऱ्यात ‘रन’ नावाची छोटी खिडकी उघडेल. तिच्यात एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड ही अक्षरं सलग टाइप करा आणि एंटर मारा. उच्चार करायच्या भानगडीत पडू नका, जीभ वळत नाही.

स्टेप दोन. ‘युजर अकाउंट्स’ची खिडकी येईल. खालच्या यादीत तुमचं नाव निवडा. वर एक चौकोन असेल, त्याच्यापुढे लिहिलेलं असेल की हा कॉम्प्युटर वापरायला नाव आणि पासवर्ड द्यावाच लागेल. त्यातली टिक काढा आणि अप्लाय करा.

स्टेप तीन. आता तो पासवर्ड दोनदा विचारेल. इथं बरेच जण घसरतात. रोज आपण चार आकडी पिन टाकतो, पण इथं हवा असतो खरा पासवर्ड. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन-इन करत असाल, तर त्या अकाउंटचा. तो बिनचूक टाका, नाहीतर पुढच्या वेळी मशीन चालू करताना एरर बघत बसाल. आणि पुढे कधी पासवर्ड बदललात, तर ही कृती पुन्हा करायची.

‘माझ्याकडे तो चौकोनच दिसत नाही’ असं म्हणताय? टेन्शन नाही. सेटिंग्जमध्ये जा, तिथून अकाउंट्स, तिथून साइन-इन ऑप्शन्स. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटसाठी फक्त विंडोज हॅलोच चालेल’ अशा अर्थाचा एक स्विच असतो. तो ऑन असला की चौकोन गायब होतो. ऑफ करा, खिडकी बंद करून पुन्हा उघडा.

एक लक्षात घ्या, हे सगळं फक्त मशीन सुरू होतानाचं. विंडोज आणि एल दाबून तुम्ही स्वतः लॉक केलंत, तर दार पुन्हा बंदच. मशीन झोपेतून उठल्यावर काही विचारायचं की नाही, ते त्याच साइन-इन ऑप्शन्सच्या पानावर वेगळं ठरवता येतं.

मॅकवाल्यांनो, तुमच्यासाठी सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘युजर्स अँड ग्रुप्स’खाली ‘ऑटोमॅटिकली लॉग इन अ‍ॅज’ आहे. पण फाइलव्हॉल्ट चालू असेल, म्हणजे डिस्कवरचा सगळा मजकूर सांकेतिक करून ठेवलेला असेल, तर हा पर्याय मिळतच नाही. अ‍ॅपलचा फंडा क्लिअर आहे : तिजोरी हवी की उघडं दार, एक काय ते ठरवा. आणि उबुंटूवाल्यांना सेटिंग्जमध्ये युजर्सच्या पानावर ही सोय मिळते. फक्त तिथं गंमत अशी की मशीन पासवर्ड न विचारता उघडतं आणि ब्राउझर सुरू केला की ‘कीरिंगचा पासवर्ड द्या’ म्हणून पुन्हा अडवतं. कारण बाकीचे पासवर्ड ज्या डबीत ठेवलेत, ती डबी तुमच्या लॉगिनच्या पासवर्डनंच उघडायची असते. तो तुम्ही टाकलाच नाहीत, मग डबी बंदच राहणार ना!

पासवर्ड जातो कुठे?

आता जरा कान देऊन ऐका. ऑटोमॅटिक लॉगिन केलं म्हणजे पासवर्ड नाहीसा होत नाही. तुमच्या वतीनं मशीन तो स्वतःच टाकतं. म्हणजे त्याला तो कुठेतरी लिहून ठेवावा लागतो. ज्या घराला कुलूप, त्याच घराच्या पायपुसण्याखाली किल्ली!

वरची पद्धत वापरली तर ही किल्ली निदान गुंडाळून, सांकेतिक रूपात ठेवली जाते. तरी मशीनवर अ‍ॅडमिनचे अधिकार असलेला जाणकार माणूस ती काढू शकतो. पण यूट्यूबवरचे काही पंडित सरळ रजिस्ट्री उघडून तिथं पासवर्ड टाइप करायला सांगतात. त्या वाटेला बिलकूल जाऊ नका. तिथं तो साध्या अक्षरांत, वाचता येईल असा पडून राहतो. कपाटाच्या दारावर एटीएमचा पिन खडूनं लिहिण्यातला प्रकार.

‘पण माझ्या लॅपटॉपमध्ये आहेच काय?’ हा सगळ्यांचा आवडता डायलॉग. बघू या काय आहे ते. मेल उघडीच असते. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड साइटवर आपोआप भरले जातात. व्हॉट्सअ‍ॅप कॉम्प्युटरवर जोडलेलं असतं. डाउनलोड्समध्ये पॅन कार्ड, आधार, सॅलरी स्लिप, घराचं अ‍ॅग्रीमेंट, बायोडेटाच्या सतरा आवृत्त्या. आणि या सगळ्यांत डेंजर आहे ती मेल. कारण कुठल्याही साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ म्हटलं की नवी किल्ली मेलवरच येते. ज्याच्या हातात मेल, त्याच्या हातात निम्मं गाव.

माझी एक मैत्रीण. मुंबई-पुणे रात्रीच्या बसमध्ये बॅग वर ठेवली, डोळा लागला, उतरताना बॅग नाही. लॅपटॉप गेला त्याचं दुःख होतंच, पण तो ऑटोमॅटिक लॉगिनवर होता. पहाटे चार वाजता स्वारगेटच्या फुटपाथवर बसून तिनं फोनवरून एकेक अकाउंट बंद करायला सुरुवात केली. आधी मेलचा पासवर्ड बदलला, मग सगळ्या डिव्हाइसवरून साइन-आउट, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून लॅपटॉप काढला. दोन तास. पैसे वगैरे काही गेले नाहीत. पण ती नंतर म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नाही. ‘चोरानं काय नेलं ते कळलं असतं ना, तर मी रडून मोकळी झाले असते. त्यानं काय काय पाहिलं असेल, हे कधीच कळणार नाही.’

बरं, पासवर्ड असता तर ती सेफ होती का? अर्धीच! डिस्क सांकेतिक केलेली नसेल, तर कुणीही ती बाहेर काढून दुसऱ्या मशीनला जोडतो आणि फायली वाचतो. विंडोजचा पासवर्ड हे दाराचं कुलूप आहे, भिंत नव्हे. भिंत म्हणजे एन्क्रिप्शन, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन. हल्लीच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आधीपासूनच चालू असतं. पण तिथंही गोची बघा. ही भिंत मशीन सुरू होताना सहसा आपोआप बाजूला होते, कारण तिची किल्ली लॅपटॉपच्या आतल्याच एका चिपमध्ये असते. पुढे उरतो फक्त लॉगिनचा स्क्रीन. तोही काढलात, की भिंत बांधून तिला दरवाजाच न लावल्यासारखं झालं.

आता दुसरी बाजू

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे हे करूच नये. थांबा की! माझी डोंबिवलीची मावशी ऐकून घ्या.

मावशी सत्तरीची. शाळेत मराठी शिकवायची, आता रिटायर. काका जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी डब्लिनला. जावयानं मोठ्या प्रेमानं डेस्कटॉप घेऊन दिला, मोठा स्क्रीन, कॅमेरा, सगळं. आणि पासवर्ड ठेवला पंधरा अक्षरांचा. त्यात एक कॅपिटल, दोन आकडे आणि एक अ‍ॅट द रेट. मावशीच्या बोटांना संधिवात. शिफ्ट दाबून दुसऱ्या हातानं अक्षर दाबायचं म्हणजे तिच्यासाठी कसरतच. वर टाइप केलेलं दिसत नाही, नुसते काळे ठिपके. दोनदा चुकलं, तीनदा चुकलं, की ती स्विच बंद करून टाकायची आणि लेकीला फोनवर सांगायची, ‘आज लाइट नव्हते गं.’

मला हे कळलं ते तिच्या लेकीकडून. ‘डोंबिवलीत एवढे लाइट जातात का?’ असं तिनं मला विचारलं तेव्हा.

मी रविवारी गेले. मावशी आधी कबूलच करेना. मग म्हणाली, ‘अगं, आयुष्यभर मुलांच्या पेपरातल्या चुका काढल्या. आता रोज सकाळी हे यंत्र मलाच नापास करतं. बरं, घराला कडी आहे, सेफ्टी डोअर आहे, खाली वॉचमन आहे. याला आणखी वेगळी कडी कशाला?’

पॉइंट होता! डेस्कटॉप काही बसमध्ये विसरायची वस्तू नाही. घरात ती एकटी. धोका कमी, त्रास रोजचा. त्या त्रासापायी लेकीशी बोलणं बंद व्हायची वेळ आलेली. मी म्हटलं, चल, काढून टाकू. खिडकी उघडली, टिक काढणार, तेवढ्यात मावशीनं विचारलं, ‘म्हणजे आता बटण दाबलं की कुणालाही सगळं दिसेल?’

‘हो. कुणाला म्हणजे?’

‘शेजारची श्रुती येते. माझे हात दुखत असले की तीच चालू करून देते. कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा कधी गेम खेळतो.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘मी लिहिते गं त्याच्यात. तुझ्या काकांबद्दल. ते कुणी वाचायचं नाहीये. तूसुद्धा नाही.’

सॉलिड! पासवर्ड नको म्हणणाऱ्या बाईलाच कुलूप सगळ्यात जास्त हवं होतं. फक्त ते तिच्या दाराला नाही, तिच्या वहीला हवं होतं. पंधरा अक्षरांचा पासवर्ड ठेवताना हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. आणि मीही पासवर्ड काढायलाच बसले होते, तेही तिला न विचारताच झालं असतं.

मग आम्ही काय केलं? दोन अकाउंट. एकाचं नाव ‘घर’. साधं, अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेलं. त्यात व्हिडिओ कॉल, गाणी, फोटो, पत्ते. बँक नाही, मेल नाही. बटण दाबलं की हे आपोआप उघडतं. दुसरं मावशीचं स्वतःचं. त्यात तिचं लिखाण आणि तिची मेल. तिथं जायचं तर ‘घर’मधून साइन-आउट करायचं, आपलं नाव निवडायचं आणि पिन टाकायचा. नुसते आकडे, शिफ्ट नाही, कॅपिटल नाही, घाईही नाही. लिहायला ती दुपारी निवांत बसते, तेव्हा बोटंही जरा ऐकतात.

पिन टाकताना तिनं मला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. परीक्षा हॉलमध्ये करायची तसं.

मधली वाट

मावशीची केस स्पेशल. तुमच्या-माझ्यासारख्या रोज खांद्यावर लॅपटॉप घेऊन लोकल, मेट्रो, कॅफे करणाऱ्यांसाठी उत्तर वेगळं आहे, आणि सोपं आहे. पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा. २०१५ साली विंडोज १० बरोबर ‘विंडोज हॅलो’ आलं ते याचसाठी.

‘चार आकडी पिन पंधरा अक्षरी पासवर्डपेक्षा सेफ कसा?’ असं मला दर वेळी कुणीतरी विचारतं. कारण पिन फक्त त्या एका मशीनवर चालतो. तुमचा ऑनलाइन पासवर्ड कुणी चोरला, तर तो जगात कुठूनही वापरेल. पिन कळला तर त्याला तुमचा लॅपटॉपही हातात लागेल. आणि पिन सारखा सारखा चुकला, की मशीन पुढे प्रयत्नच करू देत नाही. फक्त बर्थ इयर आणि चार शून्यं सोडून काहीतरी ठेवा, प्लीज!

बोट टेकवायला एक सेकंद लागतो. तो एक सेकंद वाचवण्यासाठी अख्खं दार काढून ठेवायचं का, हा हिशेब तुम्हीच करा.

ऑफिसच्या लॅपटॉपबद्दल तर बोलूच नका. कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या मशीनवर तो टिकवाला चौकोन साधारणपणे नसतोच, आणि आडवाटेनं घुसलात तर आयटीवाले दादा पुढच्या खेपेला चहा प्यायला नाही, खुलासा मागायला येतील. मशीन त्यांचं, डेटा त्यांचा, नियमही त्यांचेच.

आणि पीजीत किंवा फ्लॅट शेअर करून राहणाऱ्यांनो, रूममेट कितीही जिगरी असो, पहिला पासवर्ड कशासाठी जन्मला ते विसरू नका. भांडण व्हावं म्हणून नव्हे, होऊ नये म्हणून.

तर, बॉटमलाइन?

टिक काढण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे मशीन घराबाहेर जातं का? त्याचं बटण माझ्याशिवाय आणखी कोण दाबतं? आणि दाबल्यावर समोर जे उघडेल, ते त्यांनी बघितलेलं मला चालेल का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर विषय तिथंच संपला, पिन किंवा बोट लावा. मशीन घरातच राहत असेल आणि तिसऱ्याचं उत्तर ‘चालेल’ असेल, तर बिनधास्त टिक काढा. ‘काही चालेल, काही नाही’ असेल तर दोन अकाउंट करा.

आई-बाबांचा, आजोबांचा कॉम्प्युटर सेट करायला बसाल, तेव्हा हे प्रश्न त्यांनाच विचारा. त्यांच्या वतीनं उत्तरं देऊ नका. त्यांच्याही कॉम्प्युटरमध्ये एखादी वही असू शकते.

चिऊताईला आपण उगाच नावं ठेवतो. ती दार उघडायला वेळ लावत होती, कारण आत बाळ होतं. तुमच्या मशीनमध्ये बाळ आहे का, ते आधी बघा. मग ठरवा, कडी लावायची की दार सताड उघडं टाकायचं.